मॉडेल रेल्वेच्या डब्यांतले जुने बल्ब काढून एलईडी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोलीतले दिवे मालवायचे, कंट्रोलरची खुंटी हळूच फिरवायची आणि अंधारात खिडक्यांची उजळलेली ओळ वळणावरून सरकताना पाहायची. या छंदात मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच. म्हणून इंजिनांपेक्षा डब्यांच्या दिव्यांवर माझा जास्त वेळ जातो, आणि लोक मला प्रश्नही त्यांचेच विचारतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

आधी एक शब्दांचा घोळ मिटवू. बोलताना आपण अख्ख्या डब्याला ‘बोगी’ म्हणतो. इथे मात्र डबा म्हणजे डबा, आणि बोगी म्हणजे त्याच्या खालचा चार चाकांचा गाडा. आकडे एचओ मापाचे, म्हणजे १:८७ चे आहेत. दुसरं माप असेल तिथे तसं सांगितलं आहे.

जुने बल्ब नीट चालू आहेत. मग बदलायचे कशाला?

दोन कारणं आहेत, उष्णता आणि करंट.

डब्यातला छोटा तंतूचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ५० मिलिअँपियर खातो, म्हणजे ०.६ वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण तो बल्ब बंद प्लास्टिकच्या डब्यात, छतापासून तीन-चार मिलिमीटरवर बसलेला असतो. त्या ०.६ वॅटची जवळजवळ सगळी उष्णताच होते. माझ्या एका जुन्या डब्याच्या छतावर बरोबर बल्बच्या वर रुपयाएवढा फुगवटा आला. गाडी स्टेशनात उभी ठेवून मी जेवायला गेले होते, तेवढ्यात हे झालं. तो फुगवटा नंतर घासून, लांबी भरून, रंगवूनही गेला नाही.

आता करंटचं पाहा. सहा डबे, प्रत्येकात दोन बल्ब, म्हणजे ६०० मिलिअँपियर नुसत्या दिव्यांना. वर इंजिनाचे ३०० धरा. एक अँपियरचा साधा कंट्रोलर तिथेच संपतो. चढाला गाडी रडते, आणि आपण इंजिनाला दोष देतो. एलईडी लावल्यावर त्याच सहा डब्यांना मिळून पन्नास मिलिअँपियरही लागत नाहीत.

बल्बच्या होल्डरमध्ये सरळ एलईडी घातला तर?

एक क्षण लागेल, आणि बहुतेक कायमचा जाईल.

तंतूचा बल्ब उजेड देता देता आणखी तीन कामं गुपचूप करत होता. त्याला प्लस-मायनसचं घेणंदेणं नव्हतं. आपल्यातून किती करंट जावा हे तो स्वतःच ठरवायचा, कारण तंतू तापला की त्याचा रोध वाढतो. आणि रुळाशी चाकाचा संपर्क क्षणभर तुटला तरी तापलेला तंतू तेवढा वेळ उजळत राहायचा. यातलं एकही काम एलईडीला येत नाही. उलटा जोडला तर तो पेटत नाही, आणि बहुतेक एलईडींना उलट्या दिशेने पाच व्होल्टच्या वर सोसत नाहीत. करंटला आवर घालणारं काही नसेल तर तो मिळेल तितका खाऊन जळतो. संपर्क तुटला की त्याच क्षणी विझतो.

म्हणून बल्ब काढला की त्याच्या जागी एलईडीबरोबर आणखी तीन वस्तू येतात: दिशेसाठी ब्रिज रेक्टिफायर, करंटसाठी रेझिस्टर आणि संपर्क तुटण्यासाठी कपॅसिटर. खालचे जवळपास सगळे प्रश्न या तिघांपैकी कोणाचा तरी विसर पडल्यामुळे आलेले आहेत.

माझ्या रुळात नक्की किती व्होल्ट आहेत?

साध्या डीसी गाडीत शून्य ते बारा. वेगाबरोबर ते कमीजास्त होतात, आणि गाडी उलटी नेली की प्लस-मायनस बदलतात. डीसीसीमध्ये, म्हणजे रुळातूनच डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीत, गाडी उभी असो की पळत असो, रुळात कायम साधारण १४ ते १६ व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या जुन्या तीन-रुळी पद्धतीत १६ व्होल्टपर्यंत एसी असतो, शिवाय गाडीची दिशा बदलताना क्षणभर सुमारे २४ व्होल्टचा झटका येतो. तो झटका लक्षात ठेवा, कपॅसिटर निवडताना लागेल.

ब्रिज रेक्टिफायर लावला की या तिन्ही ठिकाणी पुढे एकाच दिशेचा करंट मिळतो. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोडमधून जावं लागतं, त्यामुळे साधारण १.४ व्होल्ट खर्ची पडतात. हिशेबात ते वजा करायचे.

जाता जाता एक सूचना. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी हौसेने आणलेला गाडीचा सेट उघडलात, तर आधी ट्रान्सफॉर्मरच्या पाठीवरचा आकडा वाचा. तिथला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत खुपसला तर दिव्यांचा विचार करायची वेळच येणार नाही.

रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा?

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, मग तुमचं तुम्हाला जमेल.

डीसीसी आहे, ब्रिजनंतर साधारण १३ व्होल्ट मिळतात. पांढऱ्या एलईडीला कमी करंटवर साधारण २.८ व्होल्ट लागतात. तीन एलईडी एकामागे एक, म्हणजे मालिकेत जोडले की ८.४ व्होल्ट झाले. उरले ४.६. करंट मला २ मिलिअँपियर हवा आहे. ४.६ भागिले ०.००२ म्हणजे २३००. बाजारात जवळचा मिळतो २.२ किलोओहम, लाल-लाल-लाल पट्ट्यांचा. अशा तीन-तीनच्या दोन माळा एका डब्यात लावल्या की सहा दिवे झाले, आणि अख्ख्या डब्याचा करंट चार मिलिअँपियर.

मार्कलिनच्या १६ व्होल्ट एसीवर हेच गणित वेगळं येतं. १६ हा सरासरीसारखा आकडा आहे, शिखर त्याच्या १.४१ पट असतं. ब्रिज आणि कपॅसिटरनंतर २१ व्होल्टच्या आसपास मिळतात. तिथे त्याच माळेला ६.८ किलोओहम लावा.

पाव वॅटचा रेझिस्टर पुरून उरतो. इतक्या कमी करंटवर तो कोमटही होत नाही.

दोनच मिलिअँपियर? एलईडीच्या माहितीपत्रकात तर वीस लिहिलेले असतात.

वीस हा आकडा त्याने सतत किती सोसावं याचा आहे. इतके द्यायलाच हवेत असं कोणी म्हटलेलं नाही. मला सगळ्यात आग्रहाने जे सांगायचं आहे ते याच उत्तरात आहे.

बहुतेकांचे डबे फार प्रखर होतात. नवा एलईडी पेटला की आनंद होतो, आणि तो उजेड तसाच ठेवला जातो. मग गाडी अंधारात फिरवली की डबे दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरसारखे दिसतात, खिडकीतून उजेडाचे पट्टे भिंतीवर पडतात आणि आतली माणसं, बाकं काहीच दिसत नाही. खरी रात्रीची गाडी शेताच्या बांधावरून कशी दिसते ते आठवा. उजेड डब्याच्या आतच असतो, फारतर खडीवर खिडकीएवढे फिकट चौकोन पडतात. तो उजेड दोन मिलिअँपियरवर मिळतो. आताचे एलईडी इतके तेज असतात की काही वेळा अर्धा मिलिअँपियरही पुरतो.

माझी पद्धत सांगते. पहिल्या डब्यात कायमचा रेझिस्टर लावण्याआधी १० किलोओहमचा फिरता प्रीसेट (फिरवून रोध कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) लावायचा, खोलीत अंधार करायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. डोळे अंधाराला सरावू द्यायचे. हे पाच मिनिटांचं थांबणं सोडू नका, त्याशिवाय घेतलेला निर्णय हमखास चुकतो. मग उजेड हळूहळू कमी करत जायचं. ‘आता जरा कमी झाला’ असं वाटेल तिथे प्रीसेट सोडायचा आणि मल्टिमीटरने त्याचा रोध मोजायचा. तेवढाच रेझिस्टर सगळ्या रेकला, म्हणजे गाडीच्या सगळ्या डब्यांना लावायचा. सगळे एलईडी एकाच पाकिटातले घ्या. वेगवेगळ्या पाकिटांतल्यांचा रंग आणि तेज जुळत नाही, आणि एक डबा हिरवट, दुसरा गुलाबी दिसला की नजर पुन्हापुन्हा तिथेच जाते.

पिवळसर घ्यायचा की पांढरा?

गाडी कुठल्या काळातली आहे त्यावर.

पूर्वीच्या डब्यांत तंतूचेच बल्ब असत. डब्याच्या आसाला पट्टा लावून फिरवलेला डायनामो आणि डब्याखालच्या बॅटऱ्या, त्यावर आपल्याकडे २४ व्होल्ट डीसीचे दिवे चालत. पुढे ११० व्होल्ट डीसी आला. तंतूच्या दिव्याचा तो उजेड मधासारखा पिवळा असायचा. त्यासाठी २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) ‘वॉर्म व्हाइट’ एलईडी घ्या. १९३० साली सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा पहिला रेक करत असाल, तर याखेरीज दुसरा विचारही नको.

नंतर ट्यूबलाइट आल्या. पेरंबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे (आयसीएफचे) निळ्या रंगातले डबे, ज्यांतून आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मामाच्या गावाला प्रवास केला, त्यांना पांढरा उजेड शोभतो. पण ६५०० केल्विनचा घेऊ नका. एवढ्याशा डब्यात तो निळा दिसतो. ४००० च्या आसपासचा घ्या. २०२२ साली डेक्कन क्वीनला एलएचबी, म्हणजे जर्मन आराखड्याचे नवे डबे मिळाले, त्या रेकलाही हाच चालेल.

परदेशी गाड्यांनाही हेच तत्त्व लावा. अमेरिकेतल्या जुन्या जड डब्यांत तंतूचे बल्ब होते, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चकचकीत स्ट्रीमलाइन्ड डब्यांत ट्यूबलाइट सर्रास दिसू लागल्या.

हातात पांढरे एलईडीच असतील तर टामिया कंपनीच्या पारदर्शक नारिंगी किंवा पिवळ्या रंगाचा पातळ हात एलईडीच्या तोंडावर द्या. दोन पातळ हात, एक जाड हात नको.

स्लीपरचा डबा करत असाल तर एक गोष्ट करून बघाच. मधल्या एखाद्या कप्प्यात पांढऱ्याऐवजी एकच निळा एलईडी अगदी मंद लावा. रात्री सगळे झोपल्यावर उरणारा तो निळा नाइट लॅम्प. ज्याने स्लीपरने प्रवास केला आहे तो माणूस ती खिडकी लगेच ओळखतो.

बाजारात १२ व्होल्टची एलईडी पट्टी मिळते. तीच कापून लावली तर?

लावा, सगळ्यात सोपं तेच आहे. मीटरला ६० दिव्यांची पट्टी दर ५ सेंटिमीटरवर कापता येते. प्रत्येक तुकड्यात तीन एलईडी आणि त्यांचा रेझिस्टर आधीच असतो. आयसीएफ डब्याची बॉडी २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये साधारण २४५ मिलिमीटर. त्यात पाच तुकड्यांची पट्टी जराशी जास्तच होते, मी चारच लावते.

पण पट्टी तशीच जोडू नका. तीन दिव्यांचा एक तुकडा बारा व्होल्टवर साधारण २० मिलिअँपियर खातो, पाच तुकडे १००. म्हणजे दोन जुन्या बल्बांइतकाच करंट गेला आणि उजेड मात्र डोळे दिपवणारा. पट्टीच्या आधी ४७० ओहम ते १ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला. ४७० वर डीसीसीमध्ये पाच तुकड्यांना मिळून साधारण ८ ते ९ मिलिअँपियर जातात. मला तेही जास्त वाटतात.

पट्टीच्या पाठीचा गोंद डब्याच्या छताला वर्षभर टिकतो, मग एका उन्हाळ्यात सुटतो. पट्टी बाकांवर कोसळते. दोन्ही टोकांना आणि मध्ये गोंदाचा एकेक थेंब आधीच द्या.

माझ्याकडे साधी डीसी आहे. पट्टी लावली तर गाडी भरधाव गेल्याशिवाय दिवेच लागत नाहीत.

लागणार नाहीत. तीन एलईडी मालिकेत असले की त्यांना आठ-साडेआठ व्होल्ट हवेत, ब्रिजचे १.४ वेगळे. दहा व्होल्ट येईपर्यंत डबा अंधारात, आणि दहा व्होल्टवर तुमची गाडी एक्स्प्रेस झालेली असते.

डीसीवर माळ करू नका. प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतःचा २.२ किलोओहम देऊन सगळे समांतर जोडा. मग साडेचार व्होल्टच्या आसपास दिवे जागे होतात, सहा व्होल्टवर प्रत्येकातून ०.८ मिलिअँपियर जातो आणि बारावर साधारण साडेतीन. वेगाबरोबर उजेड थोडा वाढतो, तो मला खटकत नाही. जुन्या डायनामोच्या डब्यांतही बॅटरी थकलेली असली की गाडी थांबल्यावर दिवे मंदावत.

उभ्या गाडीतही दिवे हवेत तर डीसीसीकडे जा, किंवा डब्यात छोटी बॅटरी आणि चुंबकाने चालू-बंद होणारा स्विच बसवा. पल्स पद्धतीचे काही कंट्रोलर कमी वेगातही रुळात पूर्ण व्होल्टचे ठोके देतात, त्यांच्यावर एलईडी लवकर लागतात. तुमचा तसा असेल तर अर्धा प्रश्न आधीच सुटला.

दिवे सारखे लुकलुकतात. बल्ब असताना असं होत नव्हतं.

बल्ब असतानाही संपर्क तितकाच वेळा तुटत होता. फक्त तापलेला तंतू तो लपवत होता. एलईडी काही लपवत नाही, आणि त्यामुळे तुमची चाकं किती मळलेली आहेत हे पहिल्यांदा दिसतं.

म्हणून कपॅसिटरकडे धावण्याआधी सफाई करा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चाकांच्या कडा पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. रूळही पुसा. सॅंडपेपर रुळाला लावू नका, ओरखड्यांत मळ आणखी पक्का बसतो. मग करंट उचलणाऱ्या पितळी पत्त्या पाहा, चाकाच्या पाठीला किंवा आसाला टेकणाऱ्या. त्या वाकून सुटलेल्या असतात, नाहीतर इतक्या घट्ट की चाक फिरायच्या ऐवजी घसरतं. चाक बोटाने फिरवून सोडलं की त्याने एक-दोन फेरे घ्यायला हवेत.

इथे एलईडीचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. बल्बला ५० मिलिअँपियर हवे असायचे, म्हणून चारही आसांना पत्त्या लावाव्या लागत, आणि आठ डब्यांची गाडी ओढताना इंजिनाचा जीव जायचा. चार मिलिअँपियरला इतक्या पत्त्या लागत नाहीत. एका बोगीतून डावा रूळ, दुसऱ्या बोगीतून उजवा, एवढं पुरतं. मी अर्ध्या पत्त्या काढून टाकल्या, आणि जी गाडी चढावर अडायची ती आता दोन डबे जास्त घेऊन जाते.

एवढं करूनही लुकलुक राहते ती सांध्याच्या जागी, जिथे रूळ बदलतात तिथे मधला तुकडा प्लास्टिकचा असतो. त्यासाठी कपॅसिटर.

कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा, आणि एवढा मोठा डब्यात लपवायचा कुठे?

४७० मायक्रोफॅरड. वर काढलेल्या दोन माळांतल्या सहा दिव्यांना तो साधारण अर्धा सेकंद जागं ठेवतो, हळूहळू मंदावत. आता रुळावरचा हिशेब करा. गाडी सेकंदाला २० सेंटिमीटर जाते, खऱ्या मापात ताशी सुमारे ६३ किलोमीटर. पाच सेंटिमीटरचा प्लास्टिकचा तुकडा पाव सेकंदात ओलांडला जातो, म्हणजे दुप्पट वेळ हाताशी आहे. याच कपॅसिटरवर १०० मिलिअँपियरची पट्टी लावाल तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत रिकामा होईल. कमी करंटचा आग्रह मी धरते त्याचं हेही कारण आहे.

कपॅसिटर सुमारे १० मिलिमीटर जाड असतो. त्याची जागा शौचालयात. आपल्या डब्यांना दोन्ही टोकांना ती असतात आणि त्यांच्या काचा धुरकट असतात, आतलं काही दिसत नाही. एका टोकाला कपॅसिटर, दुसऱ्या टोकाला ब्रिज.

तो ब्रिजच्या पुढे, प्लस-मायनस नीट पाहून जोडायचा. उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतो आणि फुटतोही. पहिल्यांदा वीज देताना चेहरा डब्यावर वाकवून बसू नका.

आणखी एक. रिकामा कपॅसिटर वीज मिळताच एकदम मोठा घोट घेतो. आठ डब्यांनी एकदम घेतला तर डीसीसीच्या बूस्टरला (रुळाला वीज पुरवणाऱ्या खोक्याला) ते शॉर्टसर्किट वाटतं आणि तो सुरूच होत नाही. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामध्ये १०० ओहम घाला. डब्यामागे घोट ०.१३ अँपियरवर येतो, आणि तोही क्षणभर. लांब रेक असेल तर २२० ओहम. काही जण या रेझिस्टरला समांतर एक डायोड लावतात. चार मिलिअँपियरच्या डब्यात त्याची गरज नाही, तेवढ्याने अर्धा व्होल्टही पडत नाही.

कपॅसिटर किती व्होल्टचा?

साध्या डीसीला २५ व्होल्टचा. डीसीसीलाही २५ चालतो, ३५ चा घेतलात तर झोप शांत लागेल.

मार्कलिनच्या एसीवर मात्र ५० व्होल्टचाच. दिशा बदलण्याचा तो २४ व्होल्टचा झटका आठवा. त्याचं शिखर ३४ व्होल्ट होतं. २५ चा तिथे टिकणार नाही, ३५ चा काठावर उभा असेल.

ब्रिज कुठला?

एमबी६एस. चिमुकला, चार पायांचा, ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढा. नाही मिळाला तर चार १एन४१४८ डायोड जोडून करा. १एन४००७ ही डीसी आणि एसीवर चालतील, फक्त जागा जास्त खातात.

माझ्या डब्यात बल्ब एकाच टोकाला आहे, छताखाली पारदर्शक प्लास्टिकची लांब दांडी आहे. तीही काढू?

काढू नका. ती दांडीच टोकाचा उजेड डब्यात वाटते. बल्बच्या जागी ३ मिलिमीटरचा गोल एलईडी लावा. त्याची गोल टोपी बारीक कानशीने सपाट करा आणि ती दांडीच्या तोंडाला अगदी भिडवा, मध्ये हवेची फट नको. बल्ब चारही बाजूंना उजेड फेकायचा, एलईडी समोरच फेकतो, त्यामुळे अशा दांडीला तो जास्त चांगला. दूरचं टोक तरीही अंधारलं तर दांडीची वरची बाजू शेवटच्या तिसऱ्या भागात बारीक पॉलिश पेपरने घासा. जिथे घासाल तिथून उजेड खाली सांडतो.

छतातून आणि भिंतींतून उजेड झिरपतो.

पातळ प्लास्टिकचे डबे आतून रंगवावे लागतात. आधी काळ्या रंगाचा हात, तो वाळल्यावर छताला आतून पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो खाली परतवतो. काचा आधी काढून ठेवा. छत आणि भिंत यांच्या सांध्यातून रेघ दिसत असेल तर काळ्या टेपची बारीक पट्टी आतून लावा.

याबरोबरच आतली बाकं रंगवायला घ्या, कारण आता ती दिसणार आहेत. पूर्वी मंद बल्बखाली करड्या प्लास्टिकची बाकं खपून जायची. स्लीपरच्या निळ्या रेक्झिनची बाकं आणि खिडकीशी बसलेली दहा-बारा माणसं एवढ्याने डब्यात जीव येतो. खिडकीच्या बाजूचीच रंगवा, मधल्या बाकांवर वेळ घालवू नका.

सोल्डर करताना आसाची पेटी वितळली.

चाकं आणि बोगी आधी डब्यातून बाहेर काढा, पत्ती वेगळी करा, तिला वायर जोडा आणि मग परत बसवा. प्लास्टिकवर असताना पितळेला सोल्डर लावायला जाऊ नका. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक टोक, थोडा फ्लक्स, आणि एक ते दोन सेकंद. त्यात नाही जमलं तर थांबा, थंड होऊ द्या, पुन्हा करा. बोगी ते डबा जाणारी वायर अगदी मऊ आणि थोडी सैल हवी. ताठ वायरने बोगी वळत नाही आणि गाडी वळणावर घसरते.

शेवटच्या डब्याचा लाल दिवा?

तो लावाच. आपल्याकडे शेवटच्या डब्यामागे दिवसा ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी असते आणि रात्री लुकलुकणारा लाल दिवा. स्टेशन मास्तर आणि गेटमन त्यावरूनच ओळखतात की गाडी पूर्ण आली, मागे डबा सुटलेला नाही. आपोआप लुकलुकणारा लाल एलईडी बाजारात मिळतो. त्याला वेगळा रेझिस्टर द्या आणि तो कपॅसिटरच्या पुढेच जोडा, नाहीतर संपर्क तुटला की त्याची लय बिघडते. पांढऱ्या दिव्यांच्या माळेत तो कधीही घालू नका. घातलात तर अख्खा डबा त्याच्याबरोबर लुकलुकेल.

डीसीसीमध्ये इंजिनाचा डिजिटल पत्ता (त्याचा नंबर) बदलताना चूक दाखवतं.

प्रोग्रामिंगच्या रुळावर, म्हणजे इंजिनाची सेटिंग बदलायच्या वेगळ्या रुळावर, दिव्याचा डबा उभा आहे का? तिथे करंट मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो, आणि डब्यातला कपॅसिटर डिकोडरच्या (इंजिनातल्या आज्ञा वाचणाऱ्या चिपच्या) उत्तरात गोंधळ घालतो. डबे उचला, इंजिन एकटं ठेवा.

एन मापात हे सगळं जमतं का?

जमतं, फक्त हात स्थिर हवेत. १:१६० च्या डब्यात ४७० चा मोठा कपॅसिटर मावत नाही, १०० ते २२० मायक्रोफॅरडचा टॅंटलम घ्या आणि करंट आणखी कमी ठेवा. वायर लावूनच मिळणारे अगदी बारीक एलईडी घ्या, ते स्वतः सोल्डर करण्याच्या फंदात पडू नका. काटोसारख्या काही कंपन्यांच्या डब्यांत करंट उचलायच्या पट्ट्या आधीच असतात, तिथे त्यांचा तयार दिव्यांचा संच बसवणं सगळ्यात शहाणपणाचं.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. एलईडी, ब्रिज, रेझिस्टर, कपॅसिटर हे सगळं तिथे एका फेरीत होतं. काउंटरवर ‘रजिस्टन्स’ म्हणालात तरी चालतं, तिथे तोच शब्द आहे. एलईडी शंभराच्या पाकिटातच घ्या, वर सांगितलेल्या रंगाच्या कारणासाठी. पुण्याला गेलातच तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालयही पाहून या. दिवे मालवल्यावर छोटं शहर आणि गाड्या कशा दिसतात हे तिथे उभं राहून बघणं, हे कुठल्याही सर्किटच्या चित्रापेक्षा जास्त शिकवतं.

काढलेले बल्ब टाकून देऊ का?

नको. जुना डबा तसाच्या तसा परत करता यायला हवा. पुढेमागे तो कोणा संग्राहकाकडे गेला तर त्याला मूळ दिवा हवा असतो. म्हणून होल्डरही तोडू नका, फक्त वायर सोडवा. बल्ब, त्याची पत्ती आणि बारीक स्क्रू एका छोट्या पिशवीत घाला, पिशवीवर डब्याचा नंबर लिहा आणि ती त्या डब्याच्या मूळ खोक्यात ठेवा.